तीस मेंढरं मोजेपर्यंत

एका गावात एक भोळा मेंढपाळ राहत होता. खरं म्हणजे गाव माळाच्या अलीकडं होतं आणि तो पलीकडं, पण मोजताना त्याला गावातच मोजत. त्याचं नाव म्हाकू. घरात तो, त्याची म्हातारी आई सगुणाबाई आणि काटेरी कुंपणाच्या वाड्यात मेंढरं. सगुणाबाईला दमा होता. चार पावलं चालली की ती थांबायची, आणि ती थांबली की म्हाकूही थांबायचा. आईला सोडून पुढं कसं जायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हाकूनं शाळा बाहेरून बघितली होती. आत काय चालतं ते त्याला ठाऊक नव्हतं. पण एक गुण होता. त्याला काही सांगितलं की ते तो ध्यानात ठेवायचा. ध्यानात ठेवण्यात तो पक्का होता. ते कुठं वापरायचं, तेवढं सांगायला मात्र दुसरं कुणीतरी लागायचं.

तर त्या साली रोग आला. हवेतनं यायचा, माणसाकडनं माणसाला व्हायचा. शेजारच्या वस्तीवरची दोन म्हातारी माणसं आठवड्याच्या आत गेली. मग रोहिणी नर्सबाई घरोघर फिरायला लागल्या. त्या माळावरही आल्या. दोन हात लांब उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हाकू, तुझ्या आईला दमा आहे. तिला हा रोग झाला तर अवघड होईल. तुला जपायला पाहिजे. बाहेरून आलास की हात साबणानं धुवायचे. बाहेरून आलेली वस्तूही धुवायची. आणि नुसतं ओलं करून भागत नाही, तीस मोजेपर्यंत चोळायचं."

"तीस म्हंजी किती?"

"तुझी मेंढरं किती आहेत?"

"समदी हायत."

नर्सबाईंनी वाड्याकडं बघून अंदाज घेतला. "तीसेक आहेत. मग असं कर, हात चोळताना एकेकीचं नाव घे. सगळ्यांची नावं संपली की हात धुवून टाक."

म्हाकूला हे पटलं. संध्याकाळी तो रांजणापाशी बसला, हाताला साबण लावला आणि मोठ्यानं सुरू झाला, "काळी! भुरी! चांदी! लाडी!"

आता मेंढरू आपलं नाव ओळखतं. काळी आली. भुरी आली. चांदीनं लाडीला ढकललं. म्हाकू नावं घेत गेला आणि मेंढरं येत गेली. विसाव्या नावाला रांजण पडला. शेवटच्या नावाला म्हाकूही पडला. साबणाची वडी सखीनं खाल्ली आणि तिच्या तोंडाला दुसऱ्या दिवसापर्यंत फेस येत होता.

सगुणाबाई दारातनं ओरडली, "अरं म्हाक्या, नाव मोठ्यानं घेतल्यावर ती येनारच! मनात घ्यायचं नाव. तोंडातनं शब्द बाहेर काढू नगं."

"मग आधी सांगायचं का न्हाई!" म्हाकू म्हणाला, आणि त्यानं ते ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो साबण आणायला गावात निघाला. गावाच्या तोंडाशी बांबू आडवा टाकला होता आणि पोलीसपाटील वही घेऊन बसले होते. आत येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव लिहीत होते. म्हाकूला ते रोज बघत, पण वही पुढं असली की माणसाला ओळख विसरावी लागते.

"नाव?"

म्हाकूनं मनात घेतलं.

"अरे नाव सांग की."

म्हाकूनं पुन्हा मनात घेतलं. या वेळी जरा जोरात घेतलं, त्यामुळं त्याचे डोळे मोठे झाले.

"म्हाक्या, काय होतंय तुला? बोलता येत नाही? दम लागतोय?"

म्हाकू घट्ट ओठ मिटून उभा. पोलीसपाटील वही टाकून दोन हातांऐवजी वीस हात लांब पळाले. अर्ध्या तासात गाडी आली आणि म्हाकूला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" म्हाकू गप्प. बोटाला चिमटा लावला, छाती बघितली, सगळं ठणठणीत. माणूस तेवढा बोलेना. दिवसभर निजवून ठेवलं, दोन उकडलेली अंडी दिली आणि संध्याकाळी दुधाच्या गाडीत बसवून परत पाठवलं.

सगुणाबाई दारात वाट बघून कासावीस झाली होती. सगळं ऐकल्यावर तिनं कपाळावर हात मारला. "लेकरा, सायबांनी इचारलं तर सांगायचं आसतंय. घरात कुनाला काय हुतंय, एकूनएक. आजार लपवायचा न्हाई."

"मग आधी सांगायचं का न्हाई!" म्हाकू म्हणाला, आणि त्यानं तेही ध्यानात ठेवलं.

दोनच दिवसांनी तालुक्याहून एक नवा साहेब पाहणीला आला. तोंडावर दोन मास्क, हातात कागद, मान खाली. सगुणाबाई आत निजली होती. म्हाकू दारात होता.

"घरात कुणी आजारी?"

म्हाकूनं आजार लपवला नाही. "काळीला खोकला हाय."

"काळी कोण?"

"थोरली. तिच्या पोटची चांदी. चांदीला बी खोकला हाय."

"ताप?"

"भुरीला. कालपासनं कान कसं गरम लागत्यात."

साहेब भराभर लिहायला लागला. "आणखी?"

"लाडीला जुलाब. सखी दोन दिस झालं काय खाईत न्हाई, तोंडाला फेस आलाता."

"फेस!" साहेब एक पाऊल मागं सरकला. "हे सगळे झोपतात कुठं?"

"एकाच जागी. एकमेकीच्या अंगावर मान टाकून."

"मास्क लावतात का?"

"लावून बघितला, साहेब. खाऊन टाकत्यात."

साहेबानं कागदावर लिहिलं, 'कुटुंब सहकार्य करत नाही', आणि तो घाईनं निघून गेला.

दुपारी माळावर गाडी आली. आतनं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेली चार माणसं उतरली. "पाच पेशंट कुठं आहेत?" त्यांनी विचारलं. म्हाकूनं वाड्याकडं बोट केलं.

मेंढरांनी असली बिनतोंडाची पांढरी माणसं जन्मात बघितली नव्हती. सगळी उधळली. एक ओढ्यात, एक उसात, एक थेट गावातल्या रेशन दुकानात. ती गोळा करता करता दिवस मावळला. काळी तेवढी कुठं गेली नाही. गाडीचं दार उघडं दिसलं, तशी ती आत चढली आणि खाटेवर बसली. तिला उतरवायला चौघं लागले.

नर्सबाई धावत आल्या. हसू दाबून म्हणाल्या, "म्हाकू, मेंढरांचे डॉक्टर वेगळे, आमचे वेगळे. इथनं पुढं एवढं लक्षात ठेव. माणूस खोकला, तर त्याला वेगळं ठेवायचं. चौदा दिवस. जवळ जायचं नाही. जेवणपाणी दारातूनच द्यायचं."

"मग आधी सांगायचं का न्हाई!" म्हाकू म्हणाला.

आता इथं जगन्नाथ सरांबद्दल सांगायला हवं. गावात सगळ्यांत जास्त शिकलेले तेच. नावापुढं चार-सहा अक्षरं लावायचे. ती वाचता येणाराही गावात दुसरा नव्हता, त्यामुळं खरी-खोटी कुणी बघितली नाहीत. रोज सकाळी सर पारावर बसायचे. डोळे फोनमध्ये. फोनवर जे यायचं ते मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि गाव ते ऐकायचं.

"हे बघा, इथं काय आलंय," सर म्हणायचे. "रोगबिग काही नाही. मास्कनं माणूस गुदमरतो. आणि ती लस येतेय ना, तिच्याबद्दल तर असं आलंय की दमेकरी माणसाला टोचली की दोन दिवसांत श्वास बंद पडतो."

ही शेवटची गोष्ट माळापर्यंत पोचली. सगुणाबाईनं ऐकली आणि मनात गच्च धरून ठेवली.

त्या दिवशी सर असंच वाचत होते. वाचता वाचता त्यांच्या घशात काहीतरी अडकलं. ते तीनदा खोकले. म्हाकू तिथनंच मेंढरं घेऊन चालला होता. तो थांबला. माणूस खोकला. माणूस खोकला तर काय करायचं, हे त्याला पाठ होतं.

मेंढपाळ बाहेर पडतो तेव्हा गाढवावर त्याची वाघर असते. वाघर म्हणजे जाळी. मुक्कामाला खुंट्या ठोकून तिचं कुंपण केलं की मेंढरं आत राहतात. म्हाकूनं पाराभोवती खुंट्या ठोकल्या. जाळी बांधली. गाठी मारल्या. सरांचे डोळे फोनमध्ये होते. सगळं बांधून झालं, म्हाकूनं काठीच्या टोकाला भाकरी लावून जाळीतनं आत सरकवली, आणि ती नाकाला लागली तेव्हा सरांनी वर बघितलं.

"हे काय आहे?"

"भाकरी, सर. कालवण दुपारी देतो."

"अरे, ही जाळी कसली? काढ आधी!"

"चौदा दिस, सर."

सर उठले. जाळीवरनं पाय टाकायला गेले, तर विजार अडकली. त्यांनी हाका मारल्या. "अरे या कुणीतरी! सोडवा मला!" पारावर रोज खांद्याला खांदा लावून बसणारी माणसं जाळीबाहेरच उभी होती. पण सर तीनदा खोकले होते, आणि नेमकं तेव्हा सगळ्यांना दोन हात अंतर आठवलं.

दुपारी नर्सबाईंनी येऊन गाठी सोडल्या. सर लालबुंद होऊन घरी गेले. नर्सबाईंनी म्हाकूला बाजूला घेतलं. या वेळी त्या हसल्या नाहीत.

"म्हाकू, असं माणसाला धरून-कोंडून चालत नाही. माणसाला हात लावायचा नाही, जबरदस्ती करायची नाही. तो आपल्या पायानं आला तर आला. ज्या वस्तूतून रोग पसरतो, ती वस्तू धुवायची आणि वेगळी ठेवायची. माणसाला नाही. कळलं?"

"वस्तू धुवायची. मानसाला हात लावायचा न्हाई."

"शाबास."

म्हाकूनं ते ध्यानात ठेवलं. नर्सबाई समाधानानं घरी गेल्या. पुढं काय होणार हे तेव्हा त्यांना तरी कुठं ठाऊक!

महिन्याभरानं लस आली. शाळेत टेबल मांडलं, खुर्ची ठेवली, निळी पेटी ठेवली. मागं नळापाशी हात धुवायला साबण ठेवला. नर्सबाई सकाळी आठपासून बसल्या.

पहिला म्हाकू आला. नर्सबाई म्हणाल्या, "घ्यायची ना?" त्यानं बाही वर केली. न घ्यायला माणसाला काहीतरी कारण लागतं, आणि म्हाकूजवळ कारण नव्हतं.

बाकी गावाजवळ होतं. नर्सबाई दारोदार जाऊन आल्या. जे शाळेत गेलेच नव्हते ते म्हणाले, "भ्या वाटतंय." जे चौथीपर्यंत गेले होते ते म्हणाले, "मेव्हण्याच्या गावात एकाला टोचल्यावर ताप आला." दहावी झालेले म्हणाले, "फोनवर वाचलंय आम्ही." आणि जगन्नाथ सर जाळीतनं सुटल्यापासून नर्सबाईंवर रागावलेच होते. ते म्हणाले, "या विषयावरचं संशोधन अजून प्राथमिक अवस्थेत असून दीर्घकालीन निष्कर्ष हाती येईपर्यंत सुज्ञ माणसानं थांबणं श्रेयस्कर."

शिक्षणाप्रमाणं कारण लांबत गेलं होतं. सुई मात्र सगळ्यांना तेवढीच लहान होती.

सगुणाबाई काठी टेकत गावात आली होती. पण शाळेत येईना, पारापाशीच बसून राहिली. नर्सबाई तिच्यापुढं जाऊन उकिडव्या बसल्या. "मावशी, दमा असणाऱ्यांनी तर आधी घ्यायला पाहिजे. शेजारच्या वस्तीवर काय झालं, बघितलंत ना?"

"बघितलं, बाई. पर सर घेत न्हाईत. येवढा शिकल्याला मानूस घेत न्हाई, म्हंजी त्येला कायतरी ठावं आसंल. दमेकऱ्याचा श्वास बंद पडतोय म्हनं. त्येंच्या फोनात आलंय."

"आणि सरांनी घेतली तर?"

"तर मी बी घीन."

नर्सबाई उठल्या. ऊन चढलं होतं. दुपारी तीनला पेटी परत न्यायची होती. आणखी कुणी आलं नाही तर या गावाचा नंबर पुन्हा कधी लागेल, सांगता येत नव्हतं. म्हाकू शाळेच्या दारात उभा होता. त्याला तीन वाजणं समजत नव्हतं, पण आईच्या छातीतली घरघर त्याला लांबनं ऐकू येत होती.

"बाई, आई का येत न्हाई?"

नर्सबाई दमल्या होत्या. वैतागून म्हणाल्या, "काय सांगू तुला! सगळा रोग त्या सरांच्या फोनात आहे, म्हाकू. तिथनंच अख्ख्या गावात पसरलाय. तुझ्या आईलाही तिथनंच लागला."

म्हाकू हे ऐकून चकित झाला. इतके दिवस सगळे हवेत शोधत होते!

"मग आधी सांगायचं का न्हाई!" तो म्हणाला, आणि चालायला लागला.

पारावर सर बसले होते. फोन मांडीशेजारी ठेवून ते नाक पुसत होते. म्हाकूनं माणसाला हात लावला नाही. जबरदस्ती केली नाही. फक्त वस्तू उचलली आणि शाळेकडं निघाला, कारण साबण तिथं होता.

"ए! ए म्हाक्या! माझा फोन!"

कोकरू उचलून पुढं चाललं की मेंढी आपोआप मागं येते, हे मेंढपाळाला माहीत असतं. पण हे म्हाकूनं ठरवून केलं नव्हतं. त्याच्या डोक्यात फक्त साबण होता. सर उठले. चपला पायात न घालताच उठले. आधी भरभर चालले, मग पळायला लागले.

सरांना पळताना गावानं कधी बघितलं नव्हतं.

"सर पळत्यात!" इठाबाई ओट्यावरनं ओरडली.

"कुठं?"

"साळंकडं!"

"साळंत तर लस हाय!"

"संपत आली आसंल! त्येंच्या फोनात आलं आसंल!"

दारं उघडली. माणसं बाहेर आली. आधी चार, मग चाळीस. कुणी हातात घास धरून, कुणी अर्धी दाढी करून. एकानं दुसऱ्याला विचारलं नाही, सगळे सरांच्या मागं. सगुणाबाईही उठली आणि काठी टेकत निघाली.

म्हाकू शाळेला वळसा घालून मागं नळावर गेला. सर त्याच्यामागं वळणार, तोवर गर्दी येऊन थडकली आणि सर रेट्यानं दारातनं थेट खुर्चीसमोर आले.

"सर, तुम्ही पहिले," लोक म्हणाले.

"अहो, मी त्यासाठी आलो नाही!"

"मग पळत कशाला आला?"

"तो माझा फोन घेऊन..."

"ऐका," मागनं कुणीतरी म्हणालं. "शिकल्याली मान्सं! आपल्याला नगं म्हनून सांगत्यात, आन् सोता अनवानी पळत येत्यात."

सर खुर्चीवर बसले. घाम आला होता. नर्सबाई जवळ वाकल्या आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या, "सर, तुम्ही नको म्हणालात तर मी टोचणार नाही. पण खरं सांगा. संशोधनाचं राहू द्या. सुईची भीती वाटते का?"

सरांनी दाराकडं बघितलं. मग खाली बघितलं. "लहानपणापासून," ते हळूच म्हणाले.

सगळ्यांत लांब कारण उघडलं, तर आत सगळ्यांत आखूड कारण निघालं. गावात शाळेत न गेलेले म्हणत होते तेच.

"स्वतःला टोचून घेताना मीसुद्धा डोळे मिटले होते," नर्सबाई म्हणाल्या. "देऊ का?"

सरांनी घाम पुसला. मग त्यांनी बाही वर केली. "द्या."

"सुईकडं बघू नका. त्या खिडकीतनं बाहेर बघा."

सरांनी खिडकीतनं बाहेर बघितलं आणि ते एवढ्या मोठ्यानं ओरडले, की रांग चार पावलं मागं सरली.

"मेलोऽऽ!"

सगुणाबाई दाराशी पोचली होती. तिचा चेहरा पांढरा पडला. "काय झालं, सर? लई दुखलं व्हय?"

"काय दुखलं?"

"टोचल्यालं!"

"टोचलं? कधी टोचलं?" सर दंडाकडं बघत म्हणाले. तिथं कापसाचा बोळा होता. नर्सबाई सुई बाजूला ठेवून हात पुसत होत्या.

सगळ्यांनी बोळा बघितला. मग रांगेत हसू फुटलं. "सरांना कळलंबी न्हाई की ओ!" "आन् आपन उगंच भ्यालो!" सगुणाबाई दोन दम घेऊन पुढं आली, खुर्चीवर बसली आणि तिनं दंड पुढं केला. "घे बाई. सर सुखरूप हायत, मग मला काय हुतंय." तिच्यामागनं इठाबाई, अर्धी दाढी केलेला, घासवाला, सगळे. तीन वाजेपर्यंत पेटी रिकामी झाली. सगुणाबाईला रात्री थोडी कणकण आली आणि सकाळी ती भाकऱ्या थापायला उठली. श्वास जिथं होता तिथंच होता.

पण सर खिडकीतनं बघून का ओरडले, ते राहिलंच.

खिडकीतनं मागचा नळ दिसत होता. सगळे हसत असतानाच ते धडपडत उठले आणि मागं नळाकडं पळाले. म्हाकू तिकडनंच येत होता. कोपरापर्यंत फेस. दोन्ही हातांत, नुकतं जन्मलेलं कोकरू धरावं तसा, सरांचा फोन. त्यातनं पाणी ठिबकत होतं.

"सर, धुतला," तो म्हणाला. "काळीपासनं सखीपर्यंत समद्यांची नावं घेतली. मनात घेतली. एक बी गाळली न्हाई. आतला रोग पार निघाला. बघा, आता त्यो बोलत बी न्हाई."

सरांनी फोनचं बटण दाबून बघितलं, तर आतनं आणखी पाणी आलं.

"काळजी करू नगा, सर," म्हाकूनं धीर दिला. "आता चौदा दिस वेगळा ठिवायचा. जेवान मी दारातनं देतो. पानी तेवढं त्येनं आत्ताच पोटभर घेतलंय."